भुईमुगातली दुसरी रेघ

मौलालीचं डोकं शनिवारीच फिरलं होतं. जिल्ह्याच्या अजिंक्यपदाची सायकल शर्यत दोन दिवसांची होती. शनिवारी डांबरी सडकेवरची, रविवारी चिखलातली. इचलकरंजीच्या यंत्रमागावर दोन दिवसांचा खाडा करून तो कोल्हापूरला आला, तर मुख्य पंच गणपतरावांनी त्याच्या काळ्या जड सायकलीकडं बघून चारचौघांत विचारलं, "पावणं, दळण घेऊन आलाय व्हय?"

सगळ्यात मोठ्यानं हसला तो गणपतरावांचा भाचा हंबीरराव. त्याची सायकल नवी होती, गिअरची, एका हातानं उचलावी अशी. शनिवारची शर्यत त्यानं आरामात मारली.

"उद्या चिखलात भेट," मौलाली दात खाऊन म्हणाला.

रविवारी पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. माळावरून निघायचं, शेतांमधल्या पाणंदीतून जायचं, ओढा ओलांडायचा आणि परत माळावर यायचं, अशा पाच फेऱ्या. पाणंदीत गुडघाभर रेंदा होता. चाक फिरायचंच नाही; सायकल खांद्यावर मारून पळावं लागायचं. नियम एकच होता. पाणंद सोडून कुणाच्या शेतात शिरला, तो बाद.

पायात बळ मौलालीचंच जास्त होतं. तिसऱ्या फेरीला तो हंबीररावाच्या मागं वीस पावलांवर आला. पण चौथ्या फेरीला पाणंदीच्या वळणावर त्याला दिसलं, की कुंपणाची बाभळ आडवी पाडून हंबीरराव सरळ भुईमुगाच्या रानात घुसलाय. रान मुरमाड होतं, चाक पळत होतं. अख्खं वळण वाचवून गडी पार पुढं गेला.

"ए! बाद! बाद हाय त्यो!" मौलाली बेंबीच्या देठापासून ओरडला. वळणावर उभ्या पंचानं मान फिरवली आणि छत्री खाली घेतली.

पाचव्या फेरीला हंबीरराव परत त्याच रेघेवरून गेला. मौलालीच्या अंगाची आग आग झाली. खांद्यावर सायकल, तोंडात चिखल, डोळ्यापुढं पडलेलं कुंपण. हा जातो, पंच बघून न बघितल्यासारखं करतो, आणि आपणच तेवढं इथं मरायचं? त्यानं सायकल खाली टाकली, वर टांग मारली आणि तोही भुईमुगातून गेला, शेजारनं दुसरी रेघ पाडत.

तरी पहिला हंबीररावच आला. मौलाली दुसरा. तिसरा आला मुरगूडचा केरबा, चाळिशीचा गवळी. पाचही फेऱ्या पाणंदीतून घासत आलेला, कमरेपर्यंत नुसता चिखल.

मौलाली पंचांच्या टेबलावर जाऊन थडकला. "त्यो शेतातनं गेलाय! तुमच्या माणसानं बघिटलंय!"

"पुरावा हाय का?" गणपतराव शांतपणे म्हणाले.

तेवढ्यात गर्दी फाटली. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली झुंबरबाई तरातरा आली. ते रान तिचं होतं. तिच्या मुठीत उपटलेला वेल होता, पिवळ्या फुलांचा, शेंगा धरायला नुकत्या आऱ्या सुटलेला. "कुणी तुडीवलं माझं रान? भाड्यांनो, तुमचा खेळ हुतोय आणि माझं पीक जातंय!"

कुणाच्या उत्तराची वाट न बघता ती एकेक सायकल तपासत सुटली. हंबीररावाच्या मागच्या चाकाशी वाकली आणि चेनीत गुंडाळलेला भुईमुगाचा वेल तिनं ओढून काढला. "ह्यो काय मग? पाणंदीत उगवला व्हय?"

लोकांनी एकच कालवा केला. गणपतरावांचा चेहरा पडला. लेखणी उचलून त्यांनी भाच्याच्या नावावर काट मारली. शर्यत बघायला आलेल्या शिवाजी पेठेतल्या पोरांनी आता पहिला ठरलेल्या मौलालीला खांद्यावर घेतलं.

"थांबा!" झुंबरबाई कडाडली. "रानात रेघा दोन हाईत. दुसरा कोण?"

मौलालीची सायकल ओढ्यात धुऊन निघाली होती. चेनीत पानसुद्धा नव्हतं. गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. पण समोर केरबा उभा होता, डोळ्यांतला चिखल बोटानं काढत.

"खाली उतरवा मला," मौलाली म्हणाला. "दुसरी रेघ माझी हाय."

हंबीरराव खदाखदा हसला. "आणि मघापास्नं बोंबलतोय कोण? ह्योच की!"

मौलालीची मूठ वर गेली. हवेतच थांबली. कारण हंबीरराव बोलला त्यात खोटं काय होतं?

हंबीरराव जीपमध्ये बसून निघून गेला. मौलाली झुंबरबाईच्या मागोमाग रानात आला. "मावशी, चुकलं माझं. म्हणून तर खरं सांगिटलं."

"खरं बोललास म्हणून माझा वेल उभा ऱ्हाणार हाय व्हय?"

"न्हाय."

"मग तोंड काय बघतोस? कुंपाण तरी उभं कर."

तिनं कोयता दिला. माळावर कर्ण्यातून केरबाचं नाव पुकारत होते, टाळ्या पडत होत्या. मौलालीनं बाभळीच्या फांद्या तोडल्या आणि तो एकेक ओल्या मातीत दाबून बसवायला लागला. काटे तळहातात शिरत होते. हंबीररावाचा राग होताच, छत्री खाली घेणाऱ्या त्या पंचाचाही होता. पण सगळ्यात जास्त चीड त्याला स्वतःची येत होती. चोरी करूनही दुसराच आला. आणि आता तेही नाही.

झुंबरबाईनं येऊन कुंपण हलवून बघितलं. एका जागी ते डुगडुगलं.

"हितं परत," ती म्हणाली.

मौलालीनं ती फांदी उपटली आणि परत रोवायला घेतली.