फोटोतला बूट

"सर, आय क्विट. बॉल कधी माझ्या हातातच येत नाही!" सबा म्हणाली.

दुबईत अल बर्शाच्या एका शाळेत मी अमेरिकन फुटबॉलचा सहायक कोच आहे. सबा लाइनमध्ये खेळते, समोरच्यांना अडवून बॉलवाल्याला वाट करून देते.

मी तिला भिंतीवरचा माझ्या कॉलेजचा फोटो दाखवला. पोरांच्या ढिगावरून बॉल घेऊन एक मुलगा उडी मारतोय.

"हे तुम्ही?"

"मी ढिगाखाली. तो बाहेर दिसतोय ना, तो बूट माझा."

"ओन्ली बूट?"

"रत्नागिरीला अम्मी येईल त्याला बोट ठेवून तोच दाखवायची, 'हा माझा अबुजर!'"

अम्मी गेल्यावर हा फोटो मी इकडे आणला. काचेवर बुटापाशी तिच्या बोटाचा ठसा आहे. तेवढी जागा मी पुसत नाही.

सबाने खाली बसून बुटाची नाडी घट्ट बांधली. "यल्ला, चला सर, लाइन लावा."