मैत्रिणीसाठी एक अर्ज

बाबांनी कानावरची पेन्सिल काढली आणि छापलेल्या पानावरच्या नावावर आडवी रेघ मारली.

"इथं 'संबंधित वरिष्ठ' टाक. नाव नको."

खुशीचं बोट बॅकस्पेसवर गेलं, पण तिने ते दाबलं नाही. मान वळवून ताईकडे पाहिलं. दीपाताई अर्ध्यावर ओढलेल्या शटरजवळ उभी होती. शटरखालून रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचे फक्त पाय दिसत. चपला, सँडल, एखादा अनवाणी. बूट घातलेले पाय आले की ताई बोलता बोलता थांबायची, ते पुरते निघून गेले की मग पुढचं वाक्य सांगायची. सकाळपासून हे तीनदा झालं होतं. खुशीने मोजलं होतं, आणि मोजल्याचं तिला आता बरं वाटत नव्हतं.

"नाव राहू द्या, बाबा," दीपाताई म्हणाली.

"मिलिटरीत तुले परेड शिकवली का वकिली?" बाबा हसल्यासारखं करत म्हणाले. "अव बाई, अर्ज म्हणजे भांडण नाई. साहेबाले वाचतानी घाम फुटला, का अर्ज गेला डब्यात. अन् खुशे, तू जरा दमानं. टाइप करून राह्यली का रेल्वे हाकलून राह्यली?"

रविवार होता, समोरची तहसील कचेरी बंद होती, म्हणून दुकानही बंदच. बाभुळगावात धम्मरत्न नगराळ्यांचं हे एका खोलीचं दुकान सगळ्यांना माहीत. तीस वर्षं ते इथे लोकांचे अर्ज लिहून देत आले होते. आधी हाताने, मग टाइपरायटरवर, आता कॉम्प्युटरवर. पण एक गोष्ट बदलली नव्हती. त्यांच्या अर्जात कधी कुणाचं नाव नसे. बांध कुणी फोडला? संबंधित इसमाने. पगार कुणी अडवला? संबंधित कर्मचाऱ्याने. अंगणवाडीच्या बाईंना कुणी काय बोललं? संबंधित व्यक्तीने.

लहानपणी खुशीला वाटायचं, संबंधित हा एकच माणूस आहे. पांढरा शर्ट घातलेला, चेहरा नसलेला. तो रात्रंदिवस तालुकाभर फिरतो, बांध फोडतो, पगार अडवतो आणि दमला की बाबांच्या कपाटातल्या फायलींमध्ये येऊन झोपतो. आठवीत तिने हे वर्गात सांगितलं होतं तेव्हा मुली पोट धरधरून हसल्या होत्या. आता ती दहावीत होती. आज त्या माणसाला चेहरा मिळाला होता. ताईने सांगितलं तसं तिने स्वतःच तो टाइप केला होता. नायब सुभेदार हरकेश लाल. अकरा ऑगस्ट, दुपारी पावणेचार. कपड्यांच्या स्टोअरचं दार त्याने आतून लावलं. ताईच्या एका हातात साठ्याच्या यादीचं पॅड होतं.

त्यापुढच्या चार ओळी टाइप करताना खुशीने स्क्रीनकडे पाहिलंच नव्हतं. नुसती बोटं चालवली होती. तरी त्या ओळींत एकही चूक निघाली नव्हती, आणि याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

अर्ज हिंदीत जायचा होता. पण ताई म्हणाली, आधी मराठीत उतरवू, हे मले हिंदीत सांगता येत नाही. छावणीतल्या महिला तक्रार समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायचा होता. नऊ दिवस उरले होते. आईला अजून काहीच माहीत नव्हतं. बाबांना आज सकाळी चहाच्या वेळी कळलं. त्यांनी कप खाली ठेवला, दुकानाची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चला, लिहून टाकू." दुकानात येऊन खुर्चीत बसल्यावरच त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"हे पाह्य," आता ते म्हणाले, "तुले माह्या लिहिण्यावर भरोसा नाई ना? खुशे, ते फौजेचं फोल्डर उघड. ऑगस्टमधली फाईल. दीपाच्याच मैत्रिणीसाठी लिहून देल्लता मी."

खुशीने फाईल उघडली. चौदा ऑगस्टची होती. बाबांनी चष्मा सरळ केला आणि स्वतःचंच लिखाण मोठ्याने वाचू लागले. दुसऱ्यांचे अर्ज वाचून दाखवताना त्यांचा आवाज नेहमी असाच थोडा भारदस्त व्हायचा.

"'सदर महिला जवान हिला संबंधित वरिष्ठांच्या वागणुकीमुळे कर्तव्य बजावण्यास अडचण येत असून, तिला अन्य योग्य ठिकाणी बदली मिळावी, ही नम्र विनंती.' कुठं कोणाचं नाव हाय? कुठं भांडण हाय? अन् काम झालं का नाई त्या पोरीचं?"

"झालं," दीपाताई म्हणाली.

"मंग?"

"साहेबांनं वाचलं. म्हणे, हा तर बदलीचा अर्ज हाये. चांगला लिहिला म्हणे. दुसऱ्या महिन्यात बदली झाली तिची."

"पाह्य."

"इकडंच झाली, बाबा. नागपूरच्या बाजूले. घराजवळ."

शटरखालून एक सायकल गेली. चाकाची सावली फरशीवरून सरकली आणि भिंतीवर चढून नाहीशी झाली.

बाबा स्क्रीनकडेच पाहत राहिले. खुशीला आधी काही कळलं नाही, आणि मग एकदम सगळं कळलं. सप्टेंबरमध्ये ताईची बदली जवळ झाली म्हणून बाबांनी अर्धा किलो पेढे आणले होते. तहसीलमधल्या शिपायापासून सगळ्यांना वाटले होते. लोकांनी विचारलं, वशिला कोणाचा? तर बाबा म्हणाले होते, वशिला कायचा, पोरीची मेहनत. खुशीने स्वतः तीन पेढे खाल्ले होते.

"तो?" बाबांनी विचारलं. आवाज भारदस्त राहिला नव्हता.

"तो तिथंच हाये. माह्या जागेवर दुसरी पोरगी आली. फुलचंद म्हणून आमच्यासंगचा एक जवान हाये, त्यानं सांगतलं. एकोणीस वर्षांची हाये."

बाबांनी पेन्सिल हातात घेतली, टेबलावर ठेवली, पुन्हा घेतली. मग छापलेल्या पानावर त्यांनीच मारलेली रेघ खोडरबराने पुसू लागले. रेघ गेली. तिच्याबरोबर नावाची शाईही थोडी फिकटली. ते तरी पुसतच होते, कागद फाटेपर्यंत.

"बाबा, दुसरं छापता येते," खुशी हळूच म्हणाली.

त्यांनी हात थांबवला.

दीपाताई शटरजवळून आत आली आणि स्टुलावर बसली. "आता ते शेवटचं राह्यलं. साक्षीदार," ती म्हणाली. "समितीच्या बाई फोनवर म्हणाल्या, तिथं पाहणारं कोणी नसन तर, त्या वेळी कोणाले सांगतलं असन त्याचं नाव द्या."

"मंग कोणाले सांगतलं तू?" बाबांनी विचारलं.

दीपाताई नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. बाबांनी नजर वळवली, ती पुन्हा त्या चौदा ऑगस्टच्या फाईलवर जाऊन थांबली.

तीस वर्षांत त्यांनी हजारो अर्ज लिहिले असतील. त्यांतल्या एकावरही त्यांचं नाव नव्हतं. लिहून देणारा वेगळा, सही करणारा वेगळा, हा या धंद्याचा नियमच होता. खुशीला वाटलं, बाबा आता उठतील. पाणी पिऊन येतो म्हणतील. त्यांनी खरंच खुर्ची मागे सारली. मग ती तेवढीच पुढे ओढली.

"लिही. धम्मरत्न उकंडा नगराळे. वय चोपन्न."

खुशीने लिहिलं.

"दिनांक तेरा ऑगस्ट रोजी सायंकाळी माझी मुलगी, लान्स नायक दीपा हिने मला फोन करून, तिच्या एका मैत्रिणीच्या बाबतीत असा प्रकार घडल्याचं सांगितलं. बरोबर?"

"बरोबर," दीपाताई म्हणाली.

"मी तिला..." ते थांबले. बोटांनी टेबलाची कड चाचपली. "मी तिला योग्य तो सल्ला दिला आणि दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून पाठवला. टाक."

खुशीने टाकलं नाही. एरवी बाबा सांगत आणि तिची बोटं आपोआप धावत. या वेळी तिने दोन्ही हात मांडीवर घेतले. 

"कोणता सल्ला, बाबा?"

"तेवढं पुरते. समजते त्यायले."

"नाही समजत. मलेच नाही समजलं."

बाबांनी मदतीसाठी पाहावं तसं दीपाताईकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. ती फक्त वाट पाहत होती. गेल्या अडीच महिन्यांत तिने दुसरं काहीच केलं नसावं, असं तिच्याकडे पाहून वाटत होतं.

"त्या दिवशी आठवडी बाजार होता," बाबा म्हणाले. "दुकानात गर्दी होती. मी म्हणलं..."

"काय म्हणलं?"

"तुले आठवते ना. तू सांग."

"तुम्ही साक्षीदार हाय, बाबा," दीपाताई म्हणाली. "मी नाही."

मग ते बोलले. मान खाली घालून, अर्जाच्या भाषेत नाही, घरच्या भाषेत.

"मी म्हणलं, तुह्या मैत्रिणीले सांग, एवढं मनावर घेऊ नको म्हणा. मोठ्या ठिकाणी असं चालतच असते. लागलेली नोकरी सांभाळ म्हणा."

"असंच लिहू? जसंच्या तसं?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

खुशीने एकेक शब्द टाइप केला. तिला वाटलं होतं, या ओळींना तरी आपली बोटं अडखळतील. अडखळली नाहीत. शेवटच्या शब्दाशी येऊन ती थांबली.

"पुढं?"

बाबांनी चष्मा काढून हातात धरला होता. ते खरंच आठवत होते, हे तिला दिसत होतं. त्या संध्याकाळी फोनवर आणखी काही विचारलं होतं का, कशी आहे ती, जेवली का, तू कुठून बोलून राह्यली.

"पुढं काही नाई," ते म्हणाले. "मंग मी फोन ठेवला."