खंजिरावरचे सात रांजण

खर्ड्याच्या वेशीजवळ लिंबाखाली मुंगी शिरायलाही जागा नव्हती. बहात्तरचा दुष्काळ चालू होता, विहिरींनी केव्हाच तळ दाखवला होता. पण लोकांच्या तोंडाला मात्र पाणी सुटलं होतं. पाझर तलावाच्या कामावर सोपानच्या कुदळीला एक खंजीर लागला होता. वाकडं पातं, हस्तिदंती मूठ आणि पात्यावर सोन्याच्या तारेनं ठोकलेली वळणावळणाची अक्षरं. ती काही कुणाला वाचता येईनात. आणि गावाला जे येत नाही ते येणारा महाराज कुठून तरी उगवतोच. तसा रंगनाथ महाराज उगवला होता.

"बादशहा बोलतोय, ऐका!" महाराजानं डोळे मिटून पात्यावरून बोट फिरवलं. "सात रांजण मोहरा! पूर्वेचं दार, पांढऱ्या मातीची भिंत, दारात शेवगा! त्या घराच्या चुलीखाली! ज्याला वाटा हवा त्यानं सव्वा रुपया थाळीत टाकावा!"

पटापट नोटा पडल्या, आणि सगळ्या माना छबूबाईकडे वळल्या. ते घर तिचं होतं.

छबूबाईचा नवरा बैल घेऊन चारा-छावणीवर गेला होता. घरात ती आणि दोन पोरं. त्या भिंतींची माती तिनं स्वतः तुडवली होती, आणि उद्या सकाळी गाव त्याच भिंती पाडायला निघालं होतं.

"आन काय न्हाईच निघालं तर?" तिनं विचारलं.

"लई नन्नाचा पाढा लावू नको बाई," सोपान म्हणाला. "मोहरा निघाल्या की वाडा बांध."

"एक पथ्य मात्र पाळा," महाराज घाईनं म्हणाला. "फारसी-उर्दू शिकलेल्या माणसाची सावली या खंजिरावर पडू देऊ नका. धन सरकतं!"

छबूबाईची शाळा दुसरीतच सुटली होती, पण अक्कल सुटली नव्हती. डोळे मिटून वाचणारा माणूस ती प्रथमच पाहत होती. शिवाय सकाळी पहिल्यांदा वाचताना महाराजाचं बोट मुठीकडून टोकाकडे गेलं होतं, आता टोकाकडून मुठीकडे. तरी रांजण सातच! पोथी उलटी धरली तर भटजीसुद्धा अडखळतो. आणि ज्याला वाचता येतं त्याचीच या बाबाला एवढी धास्ती का?

ती तडक सय्यद गुरुजींकडे गेली. गुरुजी उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, स्वभावानं खट्याळ.

"गुरुजी, तुमी चला आन वाचून दावा. न्हाईतर माझं घर जातंय."

"मी वाचलं, तर लोक म्हणतील म्हाताऱ्याचाच डोळा आहे खजिन्यावर," गुरुजी हसले. "त्याच्याकडूनच वाचून घेऊ. घरात एखादं फुटकं खापर आहे का?"

सकाळी पहारी, कुदळी, घमेली घेऊन गाव तिच्या अंगणात जमलं. महाराज खंजीर आणि थाळी पुढ्यात घेऊन बसला. छबूबाई काजळी फासलेलं एक खापर घेऊन बाहेर आली. त्यावर तसलीच वळणावळणाची अक्षरं होती.

"म्हाराज, चुलीपाशी जरा उकरलं तर हे घावलं. एवढं वाचा की."

गर्दीनं 'आऽऽ' केलं. महाराज क्षणभर चपापला. पण थाळी भरत आली असताना थांबणार कोण? त्यानं डोळे मिटले.

"आठवा रांजण! हिऱ्यांचा! शेवग्याच्या मुळाशी! आणखी सव्वा रुपया काढा!"

"नीट वाचलंत न्हवं? एकदा परत वाचा." तिनं खापर हळूच वरची बाजू खाली करून त्याच्या हातात दिलं.

"तेच! आठवा रांजण!"

छबूबाईनं थाळीतली एक रुपयाची नोट उचलली. "सोपानभाऊ, ही धर. मागची बाजू. सगळ्यात खालची ओळ. खापराशेजारी धरून बघ."

सोपाननं पाहिलं. एक वळण जुळलं, दुसरं जुळलं, सगळीच जुळली. "आयला! हे तर नोटंवरचं हाय!"

"उर्दूत 'एक रुपया' लिहिलंय," गुरुजी गर्दीतून पुढे आले. "चुन्यानं मीच लिहिलं. त्याच नोटेवर मराठीतही आहे, ते तरी वाचता येतं ना, महाराज?" त्यांची सावली थेट खंजिरावर पडली होती. धन काही सरकलं नाही, महाराज मात्र थाळी घेऊन सरकू लागला. दोघांनी त्याला धरून बसवलं आणि ज्यानं त्यानं आपापले पैसे उचलले.

गुरुजींनी खंजीर उजेडात धरला आणि उजवीकडून डावीकडे सावकाश वाचला. "अमल-ए-काजिम. म्हणजे हे काजिमचं काम. खाली हिजरी साल, अकराशे नव्वद. इराणी घडणीचा खंजीर आहे, दोनशे वर्षांपूर्वीचा. खर्ड्याच्या लढाईत निजामाच्या फौजेतल्या कुणाच्या कमरेचा पडला असेल. आपण हंड्यावर नाव घालतो, तसं कारागिरानं आपलं नाव घातलंय. मोहरांचा उल्लेख नाही, चुलीचा नाही, शेवग्याचा तर नाहीच."

"आन मी म्हनते," छबूबाईला आता कंठ फुटला, "सात रांजण पुरनारा मानूस त्येचा पत्ता कोरून खंजीर असा टाकून जाईल व्हय?"

लोक हसले. सोपाननं मात्र पहार सोडली नव्हती.

"वाचनारा खोटा, मान्य. पन रांजणबी खोटंच कशावरनं? एकदा खनून बघायला काय जातंय?"

"काय न्हाई जात!" छबूबाई म्हणाली. "चल, तुझ्या चुलीपासनं सुरुवात करू. तुझ्याबी दारात शेवगा हाय. मग ह्या रतनबाईची चूल, मग पाटलांची."

सोपाननं पहार खांद्यावर टाकली आणि वाट धरली. रतनबाईनं सून एकटी आहे म्हणत घर गाठलं. पाहता पाहता अंगण रिकामं झालं, आणि छबूबाईनं पोरांसाठी चूल पेटवली.

दुसऱ्याच्या चुलीखालचं सोनं सगळ्यांना दिसतं. म्हणून मंडळी, कुणी आपल्याला न कळणारं काही वाचून दाखवलं, तर लाजू नका. पुन्हा वाचायला लावा, उलटं धरून विचारा, ज्याला खरोखर येतं त्याला बोलवा. खरी विद्या परीक्षेला भीत नाही. जी भिते, तिच्या शब्दावर पहार उचलू नका. जे पडेल त्या घरात कुणीतरी राहत असतं.