ताईच्या वजनासकट

या, जरा पुढे सरकून बसा. आजच्या गोष्टीतली गाडी फार आवाज करते. मागे बसाल तर माणसांचं बोलणं ऐकू यायचं नाही. एका भावाने बहिणीसाठी सूड घेतला, त्याची ही गोष्ट. देवाने ऐकायला कान दिलेत, तर ते आज माझ्याकडे द्या.

हा भाऊ गाड्यांचा पत्रेवाला. त्याने आपल्या गाडीच्या तळावर कोरड्या बर्फाचे खडे पसरले, वर गोणपाट टाकलं आणि हातोडी मांडीवर घेऊन वाट पाहत बसला. गालिचा, मागची बैठक, दारांच्या आतले पुठ्ठे कालच निघाले होते. आता राहिला होता पत्र्याला चिकटलेला डांबराचा थर. आवाज आत येऊ नये म्हणून तो कारखान्यातच बसवतात. एरवी चिवट, पण गोठला की काचेसारखा. थोड्या वेळाने त्याने गोणपाट बाजूला करून घाव घातला. थर तडकला, ढलप्या उडाल्या.

"हा 'जड झाली'चा," तो म्हणाला आणि मूठभर ढलप्या बादलीत टाकल्या.

ताई दारात उभी होती. "पुरे रे. तोंडाने बोललेलं हातोडीने निघतं का?"

"तुझं नसेल निघत. माझं निघतंय."

दाजी डोंगरचढीच्या शर्यतीत गाडी चालवायचे. शेजारी ताई, मांडीवर वही. कुठलं वळण किती तीव्र, कुठे खडी आहे, ते ती आधी सांगायची आणि मग दाजी चाक फिरवायचे. नऊ वर्षं. गेल्या वर्षी पहिला नंबर हुकला, तेव्हा दाजींनी हेल्मेट काढून चारचौघांत सांगितलं, "काय करणार, बायको जड झाली." लोक हसले. पत्रेवालाही तिथेच होता. त्याला वाटलं, थट्टाच. आठ दिवसांनी दाजींनी तिची ट्रंक त्याच्या गॅरेजच्या पायरीवर आणून ठेवली. तेव्हा कळलं की ते वजन काट्यावरचं नव्हतं. यंदा दाजींनी गाडीतली तिची खुर्चीसुद्धा काढून टाकली होती. वाट पाठ आहे म्हणे, एकटाच जाईन.

म्हणून पत्रेवाल्याने ठरवलं होतं, ताईला शेजारी बसवायचं आणि तिच्या वजनासकट दाजींना हरवायचं. ताई भरली चौसष्ट किलो. गाडीतून चौसष्ट किलो जायलाच हवेत.

चार दिवस तो गाडीखाली उताणा पडून होता. गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला फासलेला काळा लेप त्याने गरम हवेने मऊ केला आणि खरवडून काढला. लेप चेहऱ्यावर गळायचा, पापण्यांना चिकटायचा. ताई चहा घेऊन वाकायची.

"अरे, गाडीला ऊन-पावसातलं कवच ते. गंजून जाईल."

"एक शर्यत टिकली की बास."

"त्यांची गाडी तशीही..."

"'त्यांची'?" तो गाडीखालून बाहेर सरकला. "अजून अहो-जाहो? ट्रंक ठेवली तेव्हा तो तुला 'अहो बाई, या' म्हणाला होता का?"

ताईला हसू आलं. मग तिने कप खाली ठेवला आणि आत गेली.

शेवटी बादल्या ताणकाट्याला लटकवल्या. सगळं मिळून बासष्ट. दोन किलो कमी. पत्रेवाल्याने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग हेल्मेटमधून एकमेकांशी बोलायचं यंत्र, त्याच्या तारा, बॅटरी, सगळं उपटलं.

"मग माझं तुला ऐकू कसं येणार?" ताईने विचारलं.

"ओरड. नऊ वर्षं गप्प बसलीस ना, आता ओरड."

शर्यतीच्या सकाळी गाडी सुरू झाली तेव्हा आजूबाजूच्यांनी कानांवर हात ठेवले. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत, तसं झालं होतं. दाजी त्यांच्या एक मिनिट पुढे सुटले. जाताना त्यांनी ताईकडे पाहिलं नाही.

ताई ओरडत होती, "डावं! वळण आवळतंय! पुढे खडी!" पत्रेवाला चाक फिरवत होता. सहा वळणं अशी गेली की तिचा घसा आणि त्याचे हात एकाच माणसाचे असावेत. सातव्या वळणाला डावीकडचा कठडा तुटलेला होता. खाली उतारावर दाजींची गाडी उलटी पडली होती, एक चाक अजून फिरत होतं. खिडकीतून हात बाहेर आला होता, आणि तो हलत होता.

ताई जिवाच्या आकांताने ओरडली, "थांब!"

पत्रेवाल्याने पाय दाबला. गाडी उसळून पुढे गेली.

तीन सेकंदांच्या फरकाने ते पहिले आले.

वर घड्याळवाला पंच धावत आला. "वाटेत उलटलेली गाडी दिसली नाही तुम्हाला?"

"ती डाव्या अंगाला असेल. माझी नजर रस्त्यावर," पत्रेवाला म्हणाला. "ताई ओरडली, मला वाटलं 'दाब' म्हणतेय. या डब्यात काय ऐकू येतंय?"

पंचाने गाडीच्या नागड्या पत्र्यावर टिचकी मारली, मान हलवली. थांब आणि दाब. चूक होण्यासारखीच होती. मागून येणाऱ्याने दाजींना बाहेर काढलं होतं. जीव वाचला, पायाचं काही सांगता येत नव्हतं. त्याच्या आधीची गाडी थांबली असती तर बरं झालं असतं, असं कुणीतरी म्हणालं आणि पत्रेवाल्याकडे पाहू लागलं.

ताई हेल्मेट मांडीवर घेऊन बसली.

उतरून खाली आल्यावर घराकडे पुन्हा चढण लागली. पत्रेवाल्याने दुसरा गिअर टाकला. इंजिन सकाळइतकंच कोकलू लागलं. पायाखालचा पत्रा थरथरत होता, दातांत आवाज जात होता. ताई समोर पाहत होती. तिने मान वळवली नाही, आवाज चढवला नाही. घरात भाजी निवडताना बोलावं तसं म्हणाली,

"सांभाळ. पुढे कुत्रं आडवं येतंय."

पत्रेवाल्याने करकचून ब्रेक मारला.

रस्ता मोकळा होता. लांबवर, वळणापर्यंत, ऊन सोडून काही नव्हतं. इंजिन बंद पडलं आणि एकदम सगळं शांत झालं.

"कुठंय कुत्रं?" त्याने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याचा हात चाकावरून खाली आला.

ताईने दार उघडलं. पुठ्ठा नसलेलं ते दार भांड्यासारखं वाजलं. तिने वही त्याच्या शेजारी, स्वतःच्या जागेवर ठेवली आणि कडेकडेने चालू लागली.

मंडळी, दाजींसाठी हात जोडणारं कुणी ना कुणी असेल. ताईचं गाऱ्हाणं तर देवाने न ओरडताही ऐकलं असेल. तुम्ही रात्री डोळे मिटाल तेव्हा त्या भावाची आठवण करा. त्या रिकाम्या गाडीत तो अजून बसलाय, आणि आता त्याला सगळं ऐकू येतंय.