छताला नावं ठेवणारा

"वाचताना मान दुखते?"

"छे!" रंगारी म्हणाला.

"झोप लागते?"

"मस्त लागते."

फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाई प्रत्येक उत्तरापुढे त्रासाचे शून्य गुण मांडत होत्या. शेजारी बसलेल्या बायकोचा जीव खालीवर होत होता. नवरा थापा का मारतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्रास जास्त दिसला तर बाई काम बंद करायला सांगतील, ही त्याला धास्ती. जन्मभर लोकांची छतं रंगवून पोट भरलेला माणूस. वर बघायचीच बंदी झाली तर त्यानं करायचं काय?

"शर्ट घालताना?"

"काही त्रास नाही."

आता मात्र तिच्यानं राहवलं नाही. "कसा होईल त्रास? शर्ट मी घालते त्यांना. पेपर मी वाचून दाखवते. आणि मस्त झोप लागते ती खुर्चीत, बसल्या बसल्या!"

"अगं, तुला विचारलंय का कुणी?"

"नसू दे. मॅडम, पूर्वी हे कुणाच्याही घरी गेले की आधी छताला नावं ठेवायचे, मग माणसांशी बोलायचे. लाज आणायचे नुसती. आता वर बघतच नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, हे गुण काम बंद पाडायला नाहीत. आज किती अडतंय ते खरं कळलं, तरच पुढे किती सुधारलं ते मोजता येईल. शिडीवर परत चढायचंय ना?"

रंगाऱ्यानं मान खाली घातली. तेवढी ती अजून जात होती. "चढायचंय," तो म्हणाला.

प्रश्न पुन्हा पहिल्यापासून झाले. या खेपेला भरपूर गुण पडले. शाळेत कधी एवढे मिळाले नव्हते, असं म्हणून तो हसला आणि हसताना कळवळला.

मग शेक, व्यायाम, बायकोचा धोशा. दोन महिन्यांनी पुन्हा तेच प्रश्न. आज शर्ट त्यानं स्वतः घातला होता. एक बटण भलत्याच काजात गेलं होतं. तिनं पाहिलं, पण हात लावला नाही.

"गुण छान उतरलेत, काका. आता मान वर करा. जमेल तेवढीच."

हनुवटी वर गेली, थांबली, आणखी वर गेली. तो तसाच राहिला.

"दुखतंय का?"

"मॅडम," तो वर बघतच म्हणाला, "हे छत कुणी रंगवलंय हो? सगळे ब्रशचे फराटे दिसतायत."

"अहो, दुसऱ्याच्या जागेत असं बोलतात का?" बायको म्हणाली आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागली.