न हललेला गोळा

मी सोनोग्राफीचा प्रोब बोलतोय. पोटावरून फिरवतात तो ठोकळा. माझी वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीनं बांधलीय, तोंडावर चरे पडलेत. पण जे दिसतं ते गोड करून सांगायची सवय मला नवाकोरा असतानाही नव्हती.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं, पोटातली बाळं बघण्यात जन्म जाईल. नशिबी आली लघवीची पिशवी. माझा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. तो आत जातो, आपटतो, परत येतो. पिशवी तट्ट भरलेली असली की भिंत न् भिंत दिसते, रिकामी असली की आंधळी कोशिंबीर. म्हणून पाणी पाजून बसवतात, आणि माणसं मांड्या आवळून शिव्या मलाच घालतात.

परवा एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला त्याच्या लेकीनं आणलं. आणलं कसलं, ओढलं. लघवीतून रक्त जात होतं, दुखत काहीच नव्हतं. न दुखणारं रक्त मला आवडत नाही. हा गडी महिनाभर बिटाचं नाव सांगत होता. घरात बीट येतच नाही, लेक म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मला टेकवलं. पिशवी पार चिपाड. हळूच जाऊन आलात ना काका, बाईंनी विचारलं.

"गाडी रिकामी केली की तपासायला काही उरत नाही," तो पुटपुटला.

लेक हसली नाही. तिनं बाटली त्याच्या हातात कोंबली. "प्या बाबा. मी इथनं हलत नाही."

तासाभरानं तो पुन्हा आडवा झाला. आता पिशवी भरलेली, पडद्यावर काळीभोर, आणि डाव्या भिंतीला एक ओबडधोबड गोळा. बाईंनी त्याला कुशीवर वळवलं. खडा असला तर घरंगळतो.

गोळा जागचा हलला नाही. उलट त्याच्या आत रक्त खेळताना दिसलं.

"खडाच आहे ना?" ड्रायव्हरनं विचारलं.

एरवी बाई पुसायला कागद हातात देऊन मोकळ्या होतात. त्या दिवशी त्यांनीच त्याचं पोट सावकाश पुसलं आणि लेकीला दार लावून घ्यायला सांगितलं.

आता दुर्बीण घालून तुकडा काढतील, तेव्हा त्याचं नाव कळेल. नाव सांगणं माझं काम नाही. पण एक महिना त्या गोळ्याला फुकट मिळाला, एवढं मी सांगतो.

मलाही लवकरच भंगारात टाकतील. तोवर या बाबांनो, लाल दिसल्या दिवशीच या. आत जे वाढतं, त्याला तुमची लाज कळत नाही.