शेवटच्या कवीचा मान

कारगिलची लढाई थांबली, त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी ओतूरच्या शाळेत कविसंमेलन ठरलं. ज्याच्या कवितेला जास्त टाळ्या पडतील, त्याने पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे कविता म्हणायची, असं सरपंचांनी जाहीर केलं. आजवर हा मान न विचारता गोरख गुरुजींचा असायचा.

गुरुजींना धास्ती होती ती एकाच माणसाची. पेठेतले किराणा दुकानदार सुवालालशेठ. धास्तीचं कारण गुरुजींच्या घरातच होतं. त्यांच्या पत्नी साळुबाई शेठच्या दुकानात साखर आणायला गेल्या आणि उशिरा परतल्या.

"शेठनी दुकानात कविता म्हटली. समदे गपगार उभे."

"लढाईची?"

"लढाईचीच म्हनायची, पण त्यात बंदूक न्हाई. एक बाई हाये."

"एखादी ओळ सांग."

"ओळ न्हाई ध्यानात. बाई ध्यानात हाये."

"आणि माझी कविता?"

"तुमची पाठ हाये की. रोजच ऐकते."

त्या दिवशी गुरुजींना जेवण गोड लागलं नाही.

संमेलनाचे अध्यक्ष तेच आणि क्रम लावणारेही तेच. सगळ्यांत शेवटी म्हणायचा मान मोठ्या कवीचा, हा रिवाज. गुरुजी स्वतः दुकानात गेले.

"शेठ, यंदा शेवटचा मान तुमचा."

शेठचा हात तराजूवरच थांबला. "गुरुजी, मी तागडी धरनारा मानूस. तुमी हाये म्हनून हा मान."

गुरुजींनी सगळा विचार केला होता. वरच्या गावांची शेवटची एसटी सहाला सुटते. शिवाय चातुर्मास लागलेला. पेठेतली जैन मंडळी दिवस मावळायच्या आत जेवायला घर गाठणार.

झालंही तसंच. हॉल भरलेला असताना गुरुजींनी 'हिमशिखरांनो, उठा' म्हणून घेतली. टाळ्या झाल्या, शिट्ट्याही झाल्या. पुढच्या कवींना त्यांनी आग्रहाने दोन-दोन कविता म्हणायला लावल्या. एसटीची वेळ झाली तसे लोक पिशव्या उचलून निघाले. सरपंचही गेले. शेठच्या पत्नी उगमबाई दाराशी थांबल्या.

"चला ना, दिवस मावळतोय."

"तू हो पुढं. मी आज उपाशी ऱ्हातो."

शेठ माइकपुढे उभे राहिले, तेव्हा हॉलमध्ये वायर गुंडाळणारा भागू होता आणि अध्यक्षांना उठता येत नाही म्हणून बसलेले गुरुजी होते. शेठनी रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार केला आणि सुरुवात केली.

*जुने सेल ती उन्हात ठेवते,*
*बातम्यांपुरता रेडिओ चालावा म्हणून.*
*पोराच्या पलटणीचं नाव आलं नाही*
*की बंद करते.*
*मग उद्याच्या बातम्यांपर्यंत*
*तिच्या घरात शांतता असते.*

भागू वायर हातात धरून उभाच राहिला. गुरुजींना वाटलं, पुढे आणखी असेल. तिथे तरी ही कविता घसरेल. पण ती तिथेच संपली. ही बाई कोण हेही त्यांना कळलं. शाळेच्या वाटेवरची प्रयागबाई, घराच्या पायरीवर ओळीने मांडलेले तिचे सेल त्यांनी जाता-येता पाहिले होते. पाहून पुढे गेले होते.

"कशी झाली, गुरुजी?"

"बरी आहे," गुरुजी म्हणाले. "वीररस कमी पडला."

"मलाबी तेच वाटत व्हतं." शेठनी खिशातलं पेन काढलं. "शेवटाला एक तोफेचं कडवं घालू का? तुमच्यावानी?"

"नको!"

आवाज इतका चढला की भागूने वळून पाहिलं.

"एक शब्दसुद्धा हलवू नका," गुरुजी तसेच रागाने म्हणाले. "कुणी सांगितलं तरी नाही. मी सांगितलं तरी नाही."

शेठना त्या रागाचा अर्थ लागला नाही. त्यांनी पेन खिशाला लावलं. "मंग पंधरा ऑगस्टाला..."

"तेव्हा मी म्हणतोय."

"व्हय व्हय, तुमचीच व्हनार की. टाळ्या बघितल्या न्हाईत का? मी पुढच्या रांगंत बसंन."

शेठ घरी गेले. गुरुजी बसून राहिले, आणि भागूने त्यांच्या खुर्चीमागचा दिवा बंद केला तरी उठले नाहीत.